मातीच्या ढेकळापासून फुल-बॉडीपर्यंत: हुशार हंस आणि डिकॉय मांडण्यामागचा इतिहास

अमेरिका-कॅनडातले हंसांच्या शिकारीचे व्हिडिओ बघितलेत तर एक गोष्ट हमखास दिसते. बंदुकीचा आवाज येतो शेवटच्या दोन मिनिटांत आणि त्याआधीचे दोन-तीन तास नुसती मांडामांड चाललेली असते. पहाटेच्या अंधारात डोक्याला टॉर्च लावून चार माणसं कापणी झालेल्या शेतात प्लॅस्टिकचे हंस ठेवत फिरतात, हा जरा डावीकडे घे, त्याचं तोंड वाऱ्याकडे कर, ते दोघं फार जवळ आलेत, मान वर केलेले इतके नकोत, असं चाललेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं की पक्ष्याला एवढं काय कळणार आहे. तर कळतं, आणि खूप कळतं, पण ते त्याला पहिल्यापासून कळत नव्हतं. ही अक्कल त्याला माणसानं शिकवली, साधारण दीडशे वर्षांत, छर्रे मारून मारून. डिकॉय म्हणजे पक्ष्यांना भुलवून खाली उतरवायला ठेवलेले नकली किंवा जिवंत पक्षी. ते मांडायचे आजचे जेवढे नियम आहेत ते सगळे या शिकवणीचेच परिणाम आहेत, म्हणून तो इतिहास माहीत असला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

इथे हंस म्हणजे गूज, बदकापेक्षा मोठा, जमिनीवर चरणारा. तो तळ्यातला पांढरा डौलदार स्वान वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. मुख्य पात्रं दोनच, काळ्या मानेचा आणि गालावर पांढरा पट्टा असलेला कॅनडा गूज, आणि हजारोंच्या थव्यानं फिरणारा पांढरा स्नो गूज.

आधी आजचा सेटअप थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. डिकॉयच्या सगळ्या मांडणीला स्प्रेड म्हणतात. हंस उतरताना वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, त्यामुळे स्प्रेडमध्ये वाऱ्याच्या खालच्या बाजूला एक मोकळी जागा सोडतात, तिथे तो उतरावा अशी अपेक्षा, आणि शिकारी लपलेले असतात त्या जागेच्या आसपास. डिकॉय सरसकट सारख्या अंतरावर ठेवत नाहीत, चार-पाच-सहाचे घोळके करतात कारण हंस कुटुंबानं राहतात, आई-बाप आणि त्या वर्षीची पिल्लं पुढच्या वसंतापर्यंत एकत्रच असतात. बहुतेक डिकॉय मान खाली घालून चरणारे, थोडेच मान वर केलेले, कारण सगळ्यांच्या माना वर म्हणजे थव्याला काहीतरी खटकलंय. यु, जे, व्ही असे आकार करतात, त्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, माझ्या मते आकाराला उगाच जास्त भाव दिला जातो, वारा आणि लपणं या दोन गोष्टी जमल्या तर आकार कुठलाही चालतो.

आता मागे जाऊ. सगळ्यात जुने डिकॉय सापडलेत ते अमेरिकेतल्या नेवाडामधल्या लवलॉक नावाच्या गुहेत. १९२४ मध्ये तिथे खोदकाम करताना एका खड्ड्यात ११ डिकॉय मिळाले, टूली नावाच्या पाणगवताची जुडी वाकवून, बांधून केलेली बदकं, काहींना रंग दिलेला आणि काहींवर खरी पिसं खोचलेली. वय साधारण २००० वर्षं. ती हंस नाहीत, कॅनव्हासबॅक जातीची बदकं आहेत, पण मुद्दा तोच आहे. ज्यानं कोणी ती केली त्याला पक्ष्याचा आकार आणि रंग दोन्ही नेमके माहीत होते, आणि शिकार झाल्यावर पुढच्या वेळेसाठी ती नीट गुंडाळून पुरून ठेवायची पद्धत होती, म्हणजे ही एका दिवसाची युक्ती नव्हती, ठरलेलं काम होतं. इजिप्तमध्ये तर त्याहून जुनं चित्र आहे, नेबामूनच्या थडग्यातलं, इसवी सनापूर्वी साधारण १३५० चं, त्यात तो पपायरसच्या होडीत उभा राहून पक्षी मारतोय आणि हातात जिवंत बगळे धरलेत, बाकीच्या पक्ष्यांना फसवण्यासाठी. म्हणजे निर्जीव पुतळा आणि जिवंत पक्षी हे डिकॉयचे दोन्ही रस्ते फार जुने. हे दोन रस्ते लक्षात ठेवा, पुढे कायद्यानं त्यातला एक बंद केला आणि सगळी गंमत तिथून सुरू झाली.

पण खास हंसाच्या डिकॉयचा इतिहास बघायचा तर उत्तरेला हडसन बे आणि जेम्स बेच्या किनाऱ्यावर क्री लोकांकडे, म्हणजे कॅनडातल्या तिथल्या मूळ रहिवाशांकडे जावं लागतं. तिकडे वसंतात हंस आले म्हणजे हिवाळ्याची उपासमार संपली, असा हिशोब होता. क्री शिकाऱ्यांचे डिकॉय बघितले तर आजच्या शिकाऱ्याला हसू येईल. दलदलीतला चिखलाचा गोळा, त्यात वर खोचलेली एक काटकी, किंवा मारलेल्या हंसाचा पंख बर्फात उभा केलेला, किंवा मेलेलाच हंस हनुवटीखाली काठी देऊन बसवलेला. नंतर टॅमरॅक नावाच्या झाडाच्या बारीक फांद्या बांधून केलेले हंसही आले, ते आजही तिकडे हस्तकला म्हणून बनवतात आणि दिसायला खूप देखणे असतात. अठराव्या शतकात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीची ठाणी या हंसांवरच जगायची, फोर्ट अल्बनीसारख्या ठिकाणी क्री शिकाऱ्यांना कामाला लावून वसंतात आणि शरदात हंस मारायचे आणि मीठ लावून पिंपांत भरून ठेवायचे. आणि हे सगळं चिखलाच्या गोळ्यांवर! क्वेबेकमधल्या क्री वस्त्यांमध्ये आजही वसंतात गूज ब्रेक असतो, शाळांना सुट्टी आणि सगळं कुटुंब शिकारीच्या तळावर.

चिखलाचा गोळा चालायचा याचं कारण काय? कारण तिथे वरून येणाऱ्या हंसाला कमी अनुभव होता, आणि दुसरं म्हणजे क्री शिकारी आवाज काढण्यात फार तरबेज, नुसत्या तोंडानं हुबेहूब हाका मारायचे. आणि तिसरं कारण महत्त्वाचं, ते एका जागेवर रोज बंदुका चालवत नसत, जागा बदलायचे, हंसांना निवांत बसू द्यायचे. हा तिसरा मुद्दा पुढच्या लोकांनी सोडून दिला आणि मग डिकॉयची शर्यत लागली.

इथे थोडं विषयांतर करतो. १९३७ च्या सुमाराला कोनराड लोरेंझ आणि निको टिंबर्गन या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी पुठ्ठ्याचा एक आकार पक्ष्यांच्या डोक्यावरून तारेवर सरकवून बघितला. एका दिशेनं नेला की लांब मान पुढे, म्हणजे हंस, उलट दिशेनं नेला की लांब शेपूट मागे, म्हणजे ससाणा. ससाण्याच्या दिशेनं नेल्यावर पक्षी घाबरतात असं त्यांना दिसलं आणि मग बरीच वर्षं लोक समजत राहिले की ही भीती जन्मजात असते. १९६१ मध्ये वोल्फगांग श्लाइट यानं टर्कीच्या पिल्लांवर तेच करून दाखवलं की जो आकार रोज दिसतो त्याची सवय होते आणि जो क्वचित दिसतो त्याला पिल्लं घाबरतात. शिकाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर पक्षी आकाराला घाबरत नाही, अनुभवाशी न जुळणाऱ्या गोष्टीला घाबरतो. आता हंस किती जगतो ते बघा. पायात ओळखीची पट्टी लावलेला एक कॅनडा गूज १९६९ मध्ये ओहायोत पकडून सोडला होता आणि तो २००१ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोत गोळीला बळी पडला, वय किमान ३३ वर्षं. बदकं बिचारी फार वर्षं टिकत नाहीत, त्यामुळे दरवर्षी नवशिक्यांची भरती मोठी असते. हंसाच्या थव्यात मात्र वीस-वीस सीझन बघितलेला म्हातारा असू शकतो, आणि पिल्लं त्याच्या मागे उडतात. एकट्यानं शिकलेलं सगळ्या कुटुंबाला मिळतं.

तर एकोणिसावं शतक. रेल्वे आली, बर्फाच्या पेट्या आल्या, न्यूयॉर्क-बाल्टिमोरसारख्या शहरांत जंगली पक्ष्यांना गिऱ्हाईक मिळालं आणि पक्षी मारणं हा पूर्णवेळ धंदा झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर मागून भरायच्या बंदुका आल्या, पुढे रिपीटर, म्हणजे एकदा भरून लागोपाठ अनेक बार काढता येणाऱ्या बंदुका आल्या. चेसापीक खाडीत सिंकबॉक्स नावाचा प्रकार होता, पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेली पेटी, तिच्यात माणूस आडवा पडलेला, चारी बाजूंनी तरंगणाऱ्या फळ्या, पेटी खाली राहावी म्हणून त्या फळ्यांवर ओतीव लोखंडाचे डिकॉय आणि आजूबाजूला शेकडो लाकडी डिकॉय. वरून बघणाऱ्या पक्ष्याला पाण्याखेरीज काही दिसायचंच नाही. लपण्याच्या बाबतीत याच्याइतकं भारी काही नंतर कधी झालं नाही असं माझं मत आहे.

लाकडी हंसांच्या कारागिरीचा सुवर्णकाळ हाच. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर कॉब आयलंड नावाचं बेट होतं, तिथल्या नेथन कॉबच्या घराण्यानं केलेले हंस आणि ब्रँट (हंसाचीच एक छोटी जात) आजही नावाजले जातात, पोकळ अंग आणि झाडांच्या वाकड्या मुळांपासून केलेल्या माना, त्यामुळे प्रत्येकाची मान वेगळी, एक पोहणारा, एक भांडायला निघालेला, एक शांत. नॉर्थ कॅरोलायनात करिटक साउंडमध्ये लाकूड परवडेना म्हणून तारेच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणून मोठे हंस करायचे, हलके पडायचे आणि लांबून दिसायचेही. डेट्रॉइटमध्ये १८९६ ते १९२४ मेसन नावाची फॅक्टरी डिकॉयच बनवायची. पण या सगळ्यात लोकांनी अजून मांडणीचा फार विचार केला नव्हता. संख्या जास्त, अंतर मोघम, आणि बाकीचं काम पक्ष्याचा भोळेपणा करायचा.

मांडणी शिकवली ती जिवंत हंसांनी, मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि हा भाग मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात भन्नाट वाटतो.

तिथे केप कॉड आणि आसपासच्या तळ्यांवर स्टँड असायचे. स्टँड म्हणजे तळ्याकाठी एक झोपडीवजा घर, त्यात बंक, शेगडी, पत्ते कुटत बसलेली मंडळी. घरापासून पाण्यापर्यंत फांद्या-पाला लावून झाकलेलं कुंपण, त्यात बंदुकीसाठी भोकं. समोर वाळूच्या काठावर पायाला दोरी बांधलेले जिवंत कॅनडा गूज. तळ्यात दूरवर तरंगत ठेवलेले लाकडी पट्ट्यांचे, वर कॅनव्हास चढवलेले प्रचंड हंस, खऱ्यापेक्षा कितीतरी मोठे, कारण त्यांचं काम फक्त उंचावरून जाणाऱ्या थव्याला दिसणं एवढंच. हिंगहॅमजवळ ॲकॉर्डला राहणारा जो लिंकन असले मोठे हंस करण्यात नावाजलेला होता. आणि मागे टेकडीवर पिंजऱ्यात त्याच वर्षीची तरुण पिल्लं. आई-बाप खाली काठावर बांधलेले आणि पोरं वर कोंडलेली, म्हणजे दोघंही दिवसभर एकमेकांना हाका मारणार हे ठरलेलंच. आकाशात जंगली थवा दिसला की दोरी ओढून पिंजरा उघडायचा, पोरं उडायची, थव्याच्या वाटेत यायची, आणि आई-बापांकडे खाली उतरायची. जंगली थवा त्यांच्या मागोमाग. थवा पाण्यावर बसला की घाई करायची नाही, तो हळूहळू पोहत काठाकडे यायची वाट बघायची, आणि मग कुंपणामागून सगळ्यांनी एकदम बार काढायचे.

क्रूर आहे, प्रश्नच नाही. पण निरीक्षण बघा. लांबून दिसायला मोठा आकार, मधल्या टप्प्यावर हालचाल, जवळ आल्यावर आवाज आणि कुटुंब, तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी तीन वेगळ्या साधनांनी. आजचा शिकारी फडकं हलवतो, कॉल (हंसाचा आवाज काढणारी शिट्टी) वाजवतो आणि घोळक्यात डिकॉय ठेवतो तेव्हा तो या स्टँडचीच निर्जीव नक्कल करत असतो, बहुतेकांना ते माहीत नसतं इतकंच. केप कॉडचाच एल्मर क्रोवेल तरुणपणी अशा शिकारीच्या कामावर होता, जिवंत पक्षी सांभाळायचा, आणि तिथे रोज बघितलेली अंगयष्टी त्यानं नंतर लाकडात उतरवली. २००७ मध्ये त्याचा झोपलेला कॅनडा गूज आणि पिसं साफ करणारं पिनटेल बदक प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला विकले गेले. झोपलेला हंस! म्हणजे निर्धास्त थवा कसा दिसतो हे त्याला कळलेलं होतं.

युरोपातही जिवंत हंस वापरायची परंपरा होती, नेदरलँड्समध्ये हंस पकडणारे लोक पाळलेले हंस आणि मोठी झडप घालणारी जाळी घेऊन कुरणात बसायचे. तिथे मात्र गोष्ट वेगळ्या वळणावर गेली, त्यांचंच कसब पुढे हंस पकडून पट्ट्या लावून सोडण्यासाठी संशोधकांच्या कामी आलं. तेच पक्षी, तेच जाळं, फक्त शेवट वेगळा.

अमेरिकेत बेफाम शिकारीवर लगाम येत गेला. १९०० मध्ये बेकायदा मारलेल्या प्राणी-पक्ष्यांच्या व्यापाराविरुद्धचा लेसी ॲक्ट, १९१६ मध्ये कॅनडासंदर्भात ब्रिटनशी करार आणि १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा, त्यानं धंदेवाईक विक्री बंद झाली. पण खरा दणका १९३० च्या दशकात बसला. दुष्काळ पडला, प्रेअरीवरची, म्हणजे मधल्या गवताळ मैदानांतली तळी आटली, पक्ष्यांची संख्या कोसळली. १९३४ मध्ये डक स्टॅम्प, म्हणजे शिकाऱ्यांनी विकत घ्यायचं सरकारी तिकीट आलं, किंमत १ डॉलर, त्यावरचं पहिलं चित्र काढणारा जे डार्लिंग हा व्यंगचित्रकार, आणि गंमत म्हणजे त्या वेळी पक्ष्यांचं सरकारी खातं त्याच्याच हाताखाली होतं. मग १९३५ चा सीझन आला आणि त्यात सगळंच एकदम बंद झालं. सिंकबॉक्स बंद, दाणे टाकून पक्षी जमवणं बंद, रिपीटरमध्ये तीनच काडतुसं, सीझन फक्त ३० दिवसांचा, आणि जिवंत डिकॉय बंद.

या शेवटच्या बंदीचा एक परिणाम कोणाच्या डोक्यातही आला नसेल. देशभर शिकाऱ्यांकडे, क्लबांकडे पाळलेल्या हंसांचे कळप होते, त्यांचं आता करायचं काय? काही सोडून दिले, काही हौशी लोकांनी आणि सरकारी अभयारण्यांनी ठेवून घेतले. हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेले, पंख छाटलेले, त्यांना उत्तरेला जायची वाटच माहीत नव्हती कारण हंसाला ती वाट आई-बापांबरोबर उडून कळते. त्यात कॅनडा गूजची सगळ्यात मोठी उपजातही होती, जायंट कॅनडा गूज, जी संपली असंच सगळे धरून चालले होते. १९६२ मध्ये इलिनॉयचे पक्षीतज्ज्ञ हॅरॉल्ड हॅन्सन मिनेसोटातल्या रोचेस्टर गावच्या सिल्व्हर लेकवर आले, तिथल्या हंसांची वजनं-मापं घेतली तर ते चक्क जायंट निघाले. मग ठिकठिकाणी या पक्ष्यांचे कळप वाढवून सोडले. आज गोल्फ कोर्सवर, ऑफिसांच्या हिरवळीवर, तळ्याकाठी वर्षभर ठाण मांडून बसणारे जे हंस लोकांना नकोसे झालेत त्यांच्या पूर्वजांत हे जुने डिकॉय हंस आहेत. म्हणजे जंगली हंसांना फसवायला जे पाळले होते त्यांचीच पोरं आता शिकाऱ्याच्या डिकॉयकडे बघून वळून जातात.

बरं, १९३५ नंतर शिकाऱ्याची पंचाईत काय झाली ते लक्षात घ्या. जिवंत हंस आपोआप चरायचा, हाक मारायचा, नवीन थवा आला की मान वर करून बघायचा आणि परत खाली घालायचा, घोळका कसा करायचा ते त्याला सांगावं लागत नव्हतं. हे सगळं आता माणसाला निर्जीव वस्तू मांडून दाखवायचं होतं. कुठलं डोकं वर, कुठलं खाली, कोण कोणाजवळ, याचा विचार करायची वेळ तेव्हा आली. आज ज्याला मांडणीची कला म्हणतात ती माझ्या मते तिथेच जन्माला आली, बंदी नसती तर कोणी एवढी डोकेफोड केलीच नसती.

त्यात दुसरा बदल शेतीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर मका यंत्रानं काढायला लागले आणि यंत्र बरेच दाणे शेतातच सांडतं. चेसापीकच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे हंस पाण्यातलं गवत सोडून शेतात उतरायला लागले आणि त्यांची संख्याही भराभर वाढली. मग तरंगणारे लाकडी हंस काय कामाचे? शेतात शेकड्यानं डिकॉय लागतात आणि ते खांद्यावरून वाहून न्यावे लागतात. लोकांनी पत्र्याच्या, प्लायवुडच्या सपाट आकृत्या कापल्या, खालून खुंटी ठोकून उभ्या केल्या, याला सिल्हूट म्हणतात. मेरीलँडच्या शेतकऱ्यांनी तर जुन्या गाड्यांचे टायर कापले, काळपट गोल पाठ आयतीच मिळाली, पुढे लाकडी डोकं ठोकलं की झाला हंस. हसू नका, टायरचे हंस बरीच वर्षं चालले. मग प्लॅस्टिकचे शेल आले, म्हणजे नुसती पोकळ पाठ, एकात एक रचून पोत्यात डझनावारी मावणारी, डोकं वेगळं खोचायचं.

सिल्हूटची एक खुबी सांगायला हवी. सपाट असल्यामुळे घिरट्या घालणाऱ्या हंसाला ती एका कोनातून दिसते, दुसऱ्या कोनातून नाहीशी होते, परत दिसते, त्यामुळे खाली हालचाल चालल्याचा भास होतो. सगळ्या एकाच दिशेला ठोकल्या तर मात्र एका बाजूनं अख्खा थवाच गायब, म्हणून त्या वेगवेगळ्या तोंडांनी ठोकायच्या असतात.

याच काळात अभयारण्यांच्या कडेचा प्रकार सुरू झाला. इलिनॉयमधल्या हॉर्सशू लेकला सरकारनं १९२७ मध्ये जागा घेऊन हंसांसाठी आसरा केला, हंस प्रचंड जमले, आणि आसऱ्याच्या हद्दीबाहेर लोकांनी रांगेनं खड्डे खणून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. इतके हंस मेले की १९४६ मध्ये मिसिसिपीच्या पट्ट्यात (पट्टा म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराचा मार्ग) कॅनडा गूजची शिकार बंदच ठेवावी लागली. जे वाचले ते काय शिकले असतील? हद्द ओलांडताना उंच जायचं, आणि जमिनीवरच्या गोष्टी आधी नीट न्याहाळायच्या.

दक्षिणेला टेक्सासमध्ये भाताच्या शेतांत वेगळंच चाललं होतं. तिथे स्नो गूज हिवाळ्यात लाखोंनी येतात आणि छोट्या थव्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना पांढरी चादरच लागते. एवढे डिकॉय कोण विकत घेणार, म्हणून लोकांनी वर्तमानपत्रं, पांढऱ्या चिंध्या, लहान मुलांचे लंगोट, पुढे प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ कापून भाताच्या धसकटांवर अडकवले. शेकड्यानं, हजारानं. शिकारी स्वतः पांढरा कोट घालून त्यातच पाठीवर झोपायचे. क्रींच्या चिखलाच्या गोळ्यानंतर एवढा साधा डिकॉय हाच, आणि तो चालला कारण वाऱ्यावर चिंधी हलते. त्याच कल्पनेतून पुढे वाऱ्यानं फुगणारे पिशवीसारखे विंडसॉक डिकॉय आले.

१९८० नंतर फुल-बॉडी डिकॉय जोरात आले, पूर्ण अंगाचे, पायावर उभे. मग प्लॅस्टिकवर सकाळच्या उन्हात चकाकी येते म्हणून डोक्यावर, पुढे सगळ्या अंगावर मखमलीसारखा बारीक तंतूंचा थर, ज्याला फ्लॉकिंग म्हणतात. मग स्प्रिंगच्या स्टँडवर डोलणारे. मग रंगाची काळजी, कारण पक्ष्याच्या डोळ्यात रंगासाठी चार प्रकारच्या पेशी असतात, आपल्याला तीनच, त्यामुळे आपल्याला हुबेहूब दिसणारा रंग त्याला तसाच दिसेल याची खात्री नाही. काळ्या कापडाचा फ्लॅग काठीवर फडफडवून उतरणाऱ्या हंसाचे पंख दाखवायची पद्धतही याच काळात रूढ झाली, टेकडीवरच्या पिल्लांची जागा फडक्यानं घेतली म्हणा. एवढं सगळं करून डिकॉय महाग झाले, जड झाले, ट्रेलर लागायला लागले. आणि हंस? ते काही वर्षांत त्यालाही सरावले. अटलांटिक पट्ट्यात तर त्यांचीच संख्या ढासळली, उत्तर क्वेबेकमध्ये १९८८ ला १,१८,००० च्या आसपास असलेल्या जोड्या १९९५ पर्यंत साधारण २९,००० वर आल्या, आणि १९९५ पासून स्थलांतरित कॅनडा गूजची शिकार तिथे काही वर्षं बंद राहिली.

स्नो गूजचं उलटं झालं. शेतातल्या फुकटच्या दाण्यांवर ते इतके वाढले की उत्तरेला हडसन बेच्या काठची खाजण-गवताळ जमीन त्यांनी मुळासकट उपटून खाल्ली. मॅनिटोबात चर्चिलजवळ ला पेरूझ बे इथे १९६८ पासून या पक्ष्यांचा अभ्यास चालू होता, त्यामुळे कुरणाचा चिखल होताना शास्त्रज्ञांनी वर्षागणिक बघितला. म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत खास कायदा करून वसंतातही शिकार सुरू केली, रोजच्या मर्यादा काढल्या, काडतुसांची मर्यादा काढली आणि तोवर बंद असलेला इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या हाका वाजवणारं यंत्र वापरायला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानं बांधलेला जिवंत पक्षी आणि रेकॉर्ड केलेला आवाज दोन्ही डिकॉय म्हणून बंद, आणि इकडे सरकार म्हणतंय वाजवा! शिकाऱ्यांनी हजार-दीड हजार विंडसॉक, दोन-चार स्पीकर आणि गोल फिरणारी यंत्रं लावली. पहिली काही वर्षं धमाल झाली. मग थवे स्पीकरच्या वर घिरट्या घालायला लागले, उंचावरूनच, आणि खाली येईनात. त्यात ज्या वर्षी आर्क्टिकमध्ये उन्हाळा बिघडतो त्या वर्षी पिल्लं कमी होतात आणि थव्यात नुसते अनुभवी म्हातारेच उरतात. अशा सीझनला कितीही महागडा स्प्रेड लावा, काही उपयोग होत नाही, हे जाणते शिकारी सीझन सुरू व्हायच्या आधीच थव्यातली करडी पिल्लं मोजून ओळखतात.

गेल्या काही वर्षांत कॅनडा गूजवाले परत उलट्या दिशेनं चाललेत. सगळे जण शंभर-शंभर फुल-बॉडी लावतात म्हणून काही जण सीझनच्या शेवटी सहा-आठच लावतात, दोन छोटी कुटुंबं, एखादा बसलेला, माना खाली, मध्ये भरपूर अंतर. काही जण जुनी सिल्हूट कपाटातून काढतात, कारण आजच्या हंसांनी ती फारशी बघितलेलीच नाहीत. श्लाइटच्या टर्कींचा नियम इथे उलटा वापरायचा, हंसानं ज्या चित्रात गोळी बघितली त्यापेक्षा वेगळं चित्र दाखवायचं. शेतात आडवं पडून लपायचे लेआउट ब्लाइंडही असेच ओळखीचे झाले, उघड्या शेतातले ते लांबट उंचवटे हंस बरोबर टाळतात, म्हणून लोक परत कुंपणाच्या झुडपात जाऊन उभे राहायला लागले आणि डिकॉय त्याप्रमाणे बाजूला सरकवले. आणि जागेला विश्रांती द्यायची, एकदा शिकार झाली की त्या शेतात आठवडाभर पाऊल टाकायचं नाही, हा सल्ला आता प्रत्येक गाइड देतो आणि नवीन शोध लागल्यासारखा देतो. जेम्स बेवरच्या क्री शिकाऱ्यांना तो चिखलाच्या गोळ्यांच्या काळापासून माहीत होता.